घटनांवर चालणारं सॉफ्टवेअर: रचना आणि तिच्यातल्या खाचाखोचा

ऑनलाइन दुकानात 'ऑर्डर द्या' हे बटण दाबलं की पडद्यामागे निदान पाच कामं सुरू होतात: ऑर्डरची नोंद, पैशांची वसुली, गोदामातला साठा कमी करणं, कुरिअरला कळवणं आणि ग्राहकाला एसएमएस. मोठ्या यंत्रणेत या प्रत्येक कामाची सर्व्हिस वेगळी असते आणि ती क्लाउडमधल्या वेगळ्या यंत्रांवर चालते. सर्वांत सरळ रचना अशी, की एका सर्व्हिसने दुसरीला हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहायचं. पण प्रत्येक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असते असं धरलं, तरी पाचांची साखळी ९९.५ टक्केच चालू राहते. महिन्याकाठी पाऊण तासाच्या आतबाहेर असणारी बंदी साडेतीन तासांपुढे जाते. एसएमएसची सर्व्हिस बंद पडली म्हणून ऑर्डरच घेता आली नाही, हा प्रकार या रचनेत अगदी नियमाने घडतो.

इव्हेंट-ड्रिव्हन, म्हणजे घटनांवर चालणारी रचना ही साखळी तोडते. त्याबदल्यात ती काही नवी दुखणी आणते. या लेखात भर त्या दुखण्यांवर आहे, कारण या रचनेचं खरं डिझाइन तिथेच करावं लागतं.

हुकूम आणि वर्दी

'साठ्यातून दोन नग कमी कर' हा हुकूम झाला. तो देणाऱ्याला समोरची सर्व्हिस माहीत असावी लागते आणि तिच्या उत्तराची वाट पाहावी लागते. 'ऑर्डर क्रमांक अमुक नोंदली गेली' ही वर्दी झाली, म्हणजे घडलेल्या घटनेची खबर. ती कोण ऐकतं याच्याशी ऑर्डर सर्व्हिसला देणंघेणं नाही. उद्या फसवणूक पकडणारी नवी सर्व्हिस आली, तर तिने तीच वर्दी ऐकायला सुरुवात करायची. ऑर्डर सर्व्हिसच्या कोडला हात लावावा लागत नाही.

वर्दीत मजकूर किती घालायचा, यावर टीममध्ये हमखास वाद होतो. फक्त क्रमांक पाठवला तर ऐकणारा प्रत्येक जण तपशिलासाठी पुन्हा ऑर्डर सर्व्हिसकडे धावतो आणि तोडलेली साखळी मागच्या दाराने परत येते. सगळा तपशील पाठवला तर ग्राहकाचा पत्ता आणि फोन नंबर दहा ठिकाणी साठतो. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा हा प्रश्न आता वकिलांचाही झाला आहे. माझ्या मते व्यवहाराचा तपशील घटनेत पूर्ण असावा आणि व्यक्तीची ओळख पटवणारी माहिती तिच्या बाहेर ठेवावी.

काफ्का: न खोडता लिहायची रोजकीर्द

या क्षेत्रातलं सर्वांत परिचित साधन म्हणजे अपाचे काफ्का. ते लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी घडवलं आणि २०११मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. नारखेडे मूळच्या पुण्याच्या. शिक्षण पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत आणि पुढे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये. लिंक्डइनमध्ये तेव्हा प्रत्येक यंत्रणेतून प्रत्येक यंत्रणेत माहिती नेणाऱ्या वेगवेगळ्या वाहिन्यांचं जंजाळ झालं होतं. प्रत्येकाने एकाच जागी लिहावं आणि ज्याला हवं त्याने तिथून वाचावं, हा त्यावरचा तोडगा.

ती जागा म्हणजे दुकानदाराची रोजकीर्दच. व्यवहार घडला त्या क्रमाने शेवटी नोंद जोडायची, मागचं खोडायचं नाही, चूक झाली तर उलटी नोंद करायची. खतावणी हरवली तरी रोजकीर्दीवरून पुन्हा मांडता येते. तसाच एखाद्या सर्व्हिसचा डेटाबेस बिघडला तर जुन्या घटना पहिल्यापासून वाचून तो उभा करता येतो. अट एकच, त्या घटना शिल्लक असायला हव्यात. काफ्कात नोंदी ठेवण्याची मुदत मुद्दाम बदलली नाही तर सात दिवसांची असते, आणि हे लक्षात येईपर्यंत अनेकांचे आठ दिवस उलटून गेलेले असतात.

साध्या क्यूपेक्षा फरक असा, की क्यूमधला संदेश वाचून काम झालं की काढून टाकला जातो. काफ्कात तो जागेवरच राहतो आणि आपण कुठवर वाचलं याची खूण, म्हणजे ऑफसेट, प्रत्येक वाचक गटाची स्वतंत्र असते. त्यामुळे बिलिंग पुढे आणि अहवाल सर्व्हिस तासभर मागे, असं बिनदिक्कत चालतं.

क्रम फक्त एका पार्टिशनपुरता

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८च्या शोधनिबंधात दाखवून दिलं, की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांत आधी कोणती आणि नंतर कोणती हे घड्याळ पाहून खात्रीने सांगता येत नाही. काफ्काही तसा दावा करत नाही. एक टॉपिक, म्हणजे एका प्रकारच्या घटनांची रोजकीर्द, अनेक पार्टिशनांत विभागलेला असतो आणि क्रमाची हमी फक्त एका पार्टिशनच्या आत असते. म्हणून एकाच ऑर्डरच्या सगळ्या घटना एकाच पार्टिशनमध्ये जातील अशी तजवीज करतात. ऑर्डर क्रमांकावरून पार्टिशन ठरवलं की ते साधतं. नाही तर 'ऑर्डर रद्द झाली' ही घटना 'ऑर्डर नोंदली गेली'च्या आधी येऊन थडकू शकते. पार्टिशनांची संख्या नंतर वाढवली तर हे वाटप बदलतं, म्हणून ती सुरुवातीलाच थोडी सैल धरलेली बरी.

तीच घटना दोनदा

सर्व्हिसने घटना वाचली, ग्राहकाच्या खात्यातून ५० रुपये वजा केले आणि ऑफसेटची खूण पुढे सरकवण्याआधीच ती कोसळली. पुन्हा उठल्यावर ती तीच घटना पुन्हा वाचणार आणि पुन्हा ५० रुपये वजा करणार. खूण आधी सरकवून काम नंतर केलं, तर अशाच अपघातात काम राहूनच जाईल. व्यवहारात बहुतेक जण 'निदान एकदा तरी पोहोचेल' हा पहिला पर्याय घेतात. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस सेवेतली साधी क्यूही एवढीच हमी देते; तोच संदेश कधीमधी दुसऱ्यांदा येऊ शकतो हे तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे.

म्हणून दुप्पट परिणाम टाळण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याची. प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक असावा. ऐकणाऱ्याने तो आपल्या डेटाबेसमध्ये, पैसे वजा होतात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवावा आणि पुन्हा दिसला तर घटना मुकाट्याने सोडून द्यावी. 'त्याच' हा शब्द इथे कळीचा आहे: क्रमांकाची नोंद आणि वजावट वेगवेगळ्या वेळी केली की मूळ अडचण जशीच्या तशी उरते.

काफ्काच्या ०.११ आवृत्तीत, २०१७ साली, 'नेमकं एकदाच' प्रक्रिया करण्याची सोय आली. ती खरी आहे, पण काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती. बाहेर गेलेला एसएमएस किंवा पेमेंट गेटवेला केलेली विनंती तिच्या कक्षेत येत नाही. विक्रेत्याच्या सादरीकरणात हे वाक्य सहसा बारीक अक्षरात असतं.

दोन ठिकाणी लिहिण्याचा घोळ

ऑर्डर सर्व्हिस आधी आपल्या डेटाबेसमध्ये ऑर्डर लिहिते, मग काफ्काला वर्दी देते. या दोन ओळींच्या मध्ये वीज गेली तर ऑर्डर आहे आणि वर्दी नाही. गोदामाला काहीच कळत नाही. ओळींची अदलाबदल केली तर वर्दी गेली आणि ऑर्डरच नाही, म्हणजे आणखी वाईट. कोड वाचताना ही चूक दिसत नाही आणि चाचणीतही सापडत नाही.

यावर आउटबॉक्स नावाची पद्धत रुळली आहे. ऑर्डर लिहिताना त्याच डेटाबेसच्या दुसऱ्या तक्त्यात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, जाणारी वर्दीही लिहून ठेवायची. दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. मग वेगळा प्रोग्रॅम तो तक्ता पाहून वर्द्या पुढे पाठवतो. डेबेझियमसारखं साधन डेटाबेसचा स्वतःचा लॉग वाचून हेच काम करतं. पाठवणारा प्रोग्रॅम मध्येच पडला तर एखादी वर्दी दोनदा जाईल, पण त्याची सोय आपण वर करून ठेवलेली आहे.

अर्ध्यावर अडलेला व्यवहार

पैसे कापले गेले आणि साठा संपलेला निघाला, तर? एका डेटाबेसमध्ये सगळं मागे फिरवता आलं असतं. पाच सर्व्हिसांत ते जमत नाही. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७मध्ये 'सागा' ही कल्पना मांडली: लांब व्यवहाराचे छोटे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याला त्याची भरपाई करणारं उलट पाऊल आधीच ठरवून ठेवायचं. पैसे कापण्याचं उलट पाऊल म्हणजे परतावा. पाठवलेल्या एसएमएसला उलट पाऊल नसतं, म्हणून तो टप्पा शेवटी ठेवावा.

हे आपण रोज पाहतो. यूपीआयमध्ये पैसे देणाऱ्याच्या बँकेतून आधी कापले जातात आणि मग घेणाऱ्याच्या बँकेत जमा होतात. मध्ये असते यूपीआय चालवणारी संस्था, एनपीसीआय. विनंती पोहोचल्याची पोच लगेच मिळते, खरं उत्तर वेगळ्या संदेशाने मागाहून येतं. ते अडकलं की मोबाइलवर 'पेंडिंग' दिसतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात अशा फसलेल्या व्यवहारांना मुदत घालून दिली: व्यक्ती-व्यक्तीतल्या यूपीआय व्यवहारात पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. उलट पाऊल कोणी, किती वेळात टाकायचं आणि न टाकल्यास काय, हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले डिझाइन दस्तऐवज खासगी कंपन्यांत फार थोडे असतात.

न पचणारी घटना

एखाद्या घटनेतला मजकूरच सदोष असतो. सर्व्हिस ती वाचते, कोसळते, पुन्हा वाचते, पुन्हा कोसळते, आणि मागची रांग वाढत जाते. ठरावीक प्रयत्नांनंतर अशी घटना डेड लेटर क्यूमध्ये बाजूला काढावी. प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्यावं आणि त्यात थोडा अनियमितपणाही ठेवावा. नाही तर सगळ्या सर्व्हिस एकाच क्षणी पुन्हा धडका देतात. ही क्यू रोज कोण उघडून पाहणार, त्या माणसाचं नाव ठरलेलं नसेल तर ती निव्वळ कचराकुंडी होते.

देखरेखीत आणखी दोन गोष्टी लागतात: वाचक किती मागे पडला आहे याचा आकडा, आणि एका ऑर्डरच्या सगळ्या घटनांवर एकच माग-क्रमांक. तो नसेल तर 'माझी ऑर्डर कुठे अडकली' या प्रश्नासाठी पाच सर्व्हिसांचे लॉग चाळत बसावं लागतं.

कधी नको

ज्या कामाचं उत्तर लगेच हवं, तिथे ही रचना लादू नये. पासवर्ड बरोबर आहे का, हे विचारायला घटना कशाला? टीम चार जणांची आणि डेटाबेस एकच असेल, तर काफ्काचा समूह सांभाळण्यातच निम्मी शक्ती जाते. अशा वेळी डेटाबेसमधला एक तक्ताच क्यू म्हणून वापरावा. पोस्टग्रेसमध्ये २०१६च्या ९.५ आवृत्तीपासून 'स्किप लॉक्ड' ही सोय आहे. तिच्यामुळे अनेक प्रोग्रॅम एकमेकांच्या नोंदींना धक्का न लावता त्या तक्त्यातली कामं उचलू शकतात, आणि मध्यम आकाराच्या बहुतेक धंद्यांना तेवढं पुरतं.