आधी ‘जेवलात का?’, मग इन्सुलिन

डॉक्टरांनी औषध लिहून दिले म्हणजे मधुमेहाचा उपचार पुरा झाला असे नाही. ते औषध घरी कसे, केव्हा आणि किती घ्यायचे, हे हाताला धरून शिकवणारी परिचारिका त्या उपचाराचा अर्धा भाग असते.

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबूसवारी सुमारे पाच किलोमीटरची वाट चालून बन्नीमंटपाला पोहोचते. हत्तीच्या पाठीवर साडेसातशे किलोंची सोन्याची अंबारी, अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांचा महापूर. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात पांडवांनी ज्या झाडावर शस्त्रे ठेवली, ते हे झाड. इथे त्याची पूजा होते, रात्री मैदानावर मशालींची कवायत होते आणि दसऱ्याची सांगता होते.

मिरवणूक पाहायला लोक सकाळपासूनच जागा धरून बसतात. त्या गर्दीत कोल्हापूरहून लेकीकडे आलेल्या एखाद्या आजी आहेत, अशी कल्पना करा. त्यांना दहा वर्षांचा मधुमेह आहे. सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी इन्सुलिन टोचून घेतले; पण जागा जाईल या घाईत न्याहारी राहिली. ‘तिथे गेल्यावर काहीतरी खाऊ,’ असे म्हणत मंडळी निघाली. दोन तासांनी आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. ‘ऊन लागलं,’ असे म्हणून कोणी पदराने वारा घातला, कोणी पाणी पाजले. आजींना मात्र त्या क्षणी हवी होती साखर.

इथे चिठ्ठी बरोबर होती, औषध बरोबर होते, मात्राही बरोबर होती. राहिली होती ती एकच गोष्ट. इन्सुलिन आणि जेवण यांची गाठ कोणी आजींना नीट समजावून दिली नव्हती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी तेरा कोटी साठ लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे अशा आजी, असे काका आज जवळजवळ प्रत्येक नात्यागोत्यात आहेत.

शिकवणारी सिस्टर

बन्नीमंटपाच्या परिसरातच १९८४ मध्ये सुरू झालेले जेएसएस वैद्यकीय महाविद्यालय आहे. कन्नड, उर्दू, तमिळ आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांची मराठी, अशा अनेक भाषा या शहरात कानावर पडतात. अशा गावात परिचारिकेला औषधाची माहिती असून भागत नाही. ती समोरच्याच्या भाषेत आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या शब्दांत सांगता यावी लागते.

मधुमेहाच्या उपचारात परिचारिकेचे हे स्थान आजचे नाही. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये बॅंटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्याआधी लहान वयात होणारा मधुमेह म्हणजे मृत्यूची शिक्षाच होती. नवे औषध हाती आले, पण ते रोज घरीच टोचायचे होते. मग रोज शिकवायला घरी जाणार कोण? अमेरिकेतील बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. इलियट जोस्लिन यांनी यासाठी परिचारिकांना तयार केले आणि त्यांना रुग्णांच्या घरी पाठवले. शंभर वर्षांनी, २०२० सालच्या १४ नोव्हेंबरला, म्हणजे बॅंटिंग यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या जागतिक मधुमेह दिनाचा विषयच ‘परिचारिका आणि मधुमेह’ असा ठेवण्यात आला.

‘ऊट आयता?’

म्हैसूरकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘ऊट आयता?’ म्हणजे जेवण झाले का? आपल्याकडेही ‘जेवलात का?’ असे विचारतातच. इन्सुलिन हातात घेतलेल्या परिचारिकेच्या तोंडी मात्र हा प्रश्न केवळ आपुलकीचा नसतो, तो सुरक्षिततेचा असतो.

रुग्णालयात इन्सुलिन देण्यापूर्वी जाणकार परिचारिका तीन गोष्टी पाहते. आत्ता रक्तातील साखर किती आहे? जेवणाचे ताट समोर आले आहे का? आणि रुग्णाला एवढ्यात उपाशीपोटी करायच्या एखाद्या तपासणीला तर न्यायचे नाही ना? इन्सुलिन टोचले आणि पाठोपाठ रुग्णाला सोनोग्राफीच्या रांगेत बसवले, तर बन्नीमंटपाच्या रस्त्यावर जे घडले तेच रुग्णालयातही घडू शकते. म्हणूनच इन्सुलिनची गणना विशेष जोखमीच्या औषधांत होते. मात्रा दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घेण्याची आणि ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्याची शिस्त त्यामुळेच आली. घाईत लिहिलेले इंग्रजी ‘यू’ हे अक्षर शून्यासारखे दिसले, तर चाराचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही.

घरीही हाच नियम आहे, पण इन्सुलिनच्या प्रकारानुसार वेळ बदलते. साधे, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेतात. झटपट काम करणारे नवे इन्सुलिन अगदी पानावर बसताना घ्यायचे असते. ग्लार्जिनसारखे दिवसभर पुरणारे इन्सुलिन जेवणाशी बांधलेले नसते. ते रोज ठरलेल्या वेळी घ्यावे लागते. आपले इन्सुलिन यांपैकी कोणते, हे प्रत्येक रुग्णाला आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगता आले पाहिजे.

चाळीस की शंभर?

सर्वांत धोक्याची चूक सिरिंजच्या बाबतीत होते. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या अनेक बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते. काही बाटल्यांत आणि पेनमध्ये भरायच्या नळ्यांत मात्र १०० युनिट असते. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण असते, शंभरच्या सिरिंजला नारिंगी.

आता हिशेब पाहा. चाळीसच्या बाटलीतले २० युनिट घ्यायचे आहेत, पण हाताशी शंभरची सिरिंज आहे. तिच्या वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात जातील फक्त ८ युनिट. साखर चढतच राहील आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ असे सगळ्यांना वाटेल. याच्या उलट झाले, शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट जातील. ही चूक जिवावर बेतू शकते.

म्हणून दुकानातून आणताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून पाहायचा, मगच पैसे द्यायचे. चष्मा लागणाऱ्या माणसाने हे काम नातवंडांकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

सुई कुठे, कशी?

इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत द्यायचे असते. बेंबीपासून दोन बोटे सोडून पोटावर, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागावर, दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला किंवा नितंबांवर. रोज एकाच ठिकाणी टोचले तर दुखत नाही, म्हणून पुष्कळ जण तीच जागा धरून ठेवतात. पण तिथे हळूहळू चरबीची गाठ तयार होते आणि त्या गाठीत दिलेले इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम रक्तात उतरते. दर वेळी आधीच्या जागेपासून निदान एक बोट तरी सरकायचे. अनुभवी परिचारिका नुसते विचारत नाही, ती रुग्णाच्या पोटावरून हात फिरवून गाठी आहेत का ते पाहते.

ढगाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन बाटली खळखळून हलवून मिसळत नाहीत. तळहातांत हळूच दहा वेळा लाटायचे आणि दहा वेळा उलटसुलट करायचे, म्हणजे सर्वत्र दुधाळ दिसते. पेन वापरणाऱ्यांनी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब आल्याची खात्री करावी. टोचल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई आत ठेवावी, नाहीतर औषध बाहेर ओघळते. सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये, घरातल्या घरातसुद्धा नाही.

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवायचे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी फेकूनच द्यायचे. वापरात असलेली बाटली घरातल्या थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. फ्रीज नसेल तर मडक्याचा गारवा उपयोगी पडतो. वापरलेल्या सुया केरात टाकू नयेत, सफाई करणाऱ्या माणसाच्या हातात त्या घुसतात. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवून रुग्णालयात नेऊन द्याव्यात.

गोळ्यांनाही वेळ असते

‘इन्सुलिन नाही, साधी गोळीच तर आहे,’ हा समजही घातक आहे. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतली तर मळमळ, जुलाब यांचा त्रास कमी होतो. ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी अधूनमधून बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्या घेऊन उपाशी राहिले तर साखर इन्सुलिनइतकीच धोकादायक उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांनी पाणी पुरेसे प्यावे आणि गुप्तांगाची स्वच्छता सांभाळावी. उलट्या-जुलाब झाले, दीर्घ उपवास करायचा असला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर या गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

उपवासाचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. नवरात्र, चतुर्थी, एकादशी सोडायची कशी? परिचारिकेने ‘उपवास करूच नका’ असे म्हटले, तर आजी मान हलवतील आणि घरी जाऊन उपवास करतीलच. ‘उपवास करायचा असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांना भेटा, मात्रा बदलून घ्या, आणि साखर सत्तरच्या खाली गेली की तत्क्षणी उपवास सोडा, देवी रागावणार नाही,’ असे सांगितले तर ते पटते. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांनी साखर चढते, हेही त्याच वेळी सांगावे.

साखर उतरली तर

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती धोक्याची घंटा. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ ही त्याची चिन्हे. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा पंधरा ग्रॅम ग्लुकोज लगेच द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. बरे वाटले की पोळी-भाजी, बिस्किटे असे काहीतरी खावे. पेढा किंवा चॉकलेट इथे कामाचे नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अकार्बोज ही गोळी घेणाऱ्यांना मात्र साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही, त्यांना ग्लुकोजच द्यावे लागते.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नये. घास श्वासनलिकेत जातो. त्याला कुशीवर वळवावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे.

‘समजलं का?’ नव्हे, ‘करून दाखवा’

रुग्णालयातून घरी जाताना कागदांचा गठ्ठा मिळतो, सिस्टर भराभर सांगतात आणि शेवटी विचारतात, ‘समजलं ना?’ आपण सगळेच ‘हो’ म्हणतो. चांगली परिचारिका इथे थांबते. ती म्हणते, ‘आजी, आता तुम्ही मला शिकवा. ही बाटली, ही सिरिंज. वीस युनिट भरून दाखवा.’ मग कळते की आजींना रेघा दिसतच नाहीत, किंवा टोपण काढायचेच राहिले आहे. ही चूक रुग्णालयात झाली तर हसून सुधारता येते. घरी झाली तर तिची किंमत मोजावी लागते.

सिस्टर विसरल्या, तर आपण आठवण करून द्यावी. ‘सिस्टर, एकदा माझ्याकडून करून घ्या,’ असे म्हणायला संकोच कसला?

पांडवांनी शमीवरून शस्त्रे उतरवली ती चालवता येत होती म्हणून. पुढच्या दसऱ्याला त्या आजी पुन्हा बन्नीमंटपाला जातील. न्याहारी ठरल्या वेळी होईल, इन्सुलिन तिच्या हिशेबाने घेतले जाईल आणि कनवटीला ग्लुकोजची पुडी असेल. मग अंबारी कितीही उशिरा येवो.

हे लक्षात ठेवा

• इन्सुलिन टोचण्याआधी स्वतःला विचारा : जेवण तयार आहे का?
• बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असला पाहिजे.
• टोचण्याची जागा रोज निदान एक बोट सरकवा.
• घराबाहेर पडताना साखर किंवा ग्लुकोज आणि औषधांची यादी जवळ ठेवा.
• ताप, उलट्या झाल्या तरी इन्सुलिन मनाने बंद करू नका. साखर वरचेवर तपासा आणि डॉक्टरांना विचारा.
• घरातल्या निदान एकाला साखर उतरल्याची चिन्हे पाठ असू द्या.