डोहाळजेवण झालं की झोपायचं कुशीवर. डावी की उजवी, याची चिंता नको

नवी मुंबई : सातव्या महिन्यात ओटी भरली जाते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पेढा की बर्फी, मोबाइलवर फोटो, सगळं हौसेनं होतं. पण याच सुमाराला गरोदर बाईच्या झोपण्यातही एक बदल व्हायला हवा, तो बऱ्याच घरांत कोणी सांगत नाही. सांगितलं तर अर्धवट सांगतात. "डाव्या कुशीवरच झोप हं, उजवीकडे वळायचंच नाही." मग ती बिचारी रात्रभर एकाच अंगावर अवघडून पडते. पहाटे जाग येते तेव्हा पाठीवर असते आणि बाळाला काही झालं तर नाही ना, या धास्तीनं पुढची झोप उडते.

पनवेल, उरण पट्ट्यातल्या आशाताईंना आणि नर्सबाईंना हा प्रश्न नवा नाही. म्हणून नीट समजून घेऊ. नेमकी गोष्ट एवढीच आहे : २८ आठवडे झाले, म्हणजे आपल्या हिशेबानं सातवा महिना चालू असताना, तिथून पुढं बाळंतपणापर्यंत झोपायला जाताना कुशीवर आडवं व्हायचं. पाठीवर उताणं झोपायचं नाही. रात्री झोप लागताना, दुपारी जेवणानंतर पडताना आणि मधेच लघवीला उठून परत आडवं होतानाही हेच. डावी कूस चालते, उजवी कूसही चालते.

त्याआधीच्या महिन्यांत इतकं जपायची गरज नाही. अमेरिकेत २०१९ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या ३० आठवड्यांपर्यंत बायका कशाही झोपल्या तरी बाळाला त्याचा त्रास झाल्याचं दिसलं नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत पालथं झोपायची सवय असेल तर तसंही झोपा. पोट वाढलं की ते आपोआप सुटतं.

पाठीवर का नको?

विहिरीवरच्या मोटारीचा पाइप डोळ्यांसमोर आणा. मोटार चालू आहे, पाणी येतंय, आणि कुणीतरी पाइपवर पाय ठेवला. पाणी बंद होत नाही, पण धार बारीक होते. पोटात तसंच होतं. पाय आणि कमरेखालचं रक्त हृदयाकडे परत नेणारी एक मोठी शीर पाठीच्या कण्याला लागून, थोडी उजव्या बाजूनं वर जाते. २८ आठवड्यांना बाळ साधारण एक किलोचं असतं. पुढं बाळ, गर्भपिशवी, वार आणि गर्भजल मिळून चार-पाच किलोचं ओझं होतं. आई उताणी झोपली की ते सगळं त्या शिरेवर बसतं. हृदयाकडं येणारं रक्त कमी, म्हणजे हृदयातून पुढं जाणारं रक्तही कमी, आणि त्यातला बाळाच्या वाट्याचाही हिस्सा कमी.

काही बायकांना हे लगेच जाणवतं. उताणं पडल्यावर चक्कर, घाम, मळमळ, छातीत धडधड, आणि कुशीवर वळलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. पण सगळ्यांनाच जाणवतं असं नाही. बाळही काही काळ सांभाळून घेतं, कमी हालचाल करून शांत राहतं. ज्या बाळाची वाढ आधीच कमी आहे किंवा वार नीट काम करत नाही, त्याच्याकडं ही शिल्लक कमी असते. सिझरच्या टेबलावर आईच्या उजव्या कमरेखाली उशी किंवा चादरीची घडी सरकवून तिला जरा डावीकडं कलतं ठेवतात, ते याच शिरेसाठी.

हे नुसतं तर्कावर चाललेलं नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या डॉक्टरांनी २०११ साली पहिल्यांदा ठामपणे दाखवलं, की शेवटच्या तीन महिन्यांत पोटातच बाळ दगावलेल्या आयांमध्ये पाठीवर झोपणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. पुढं ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्येही तसंच दिसलं. २०१९ साली या सगळ्या अभ्यासांतली माहिती एकत्र करून तपासली. बाळ दगावलेल्या साडेआठशेहून जास्त आया आणि त्यांच्याशी तुलनेसाठी बावीसशेहून जास्त आया. २८ आठवड्यांनंतर पाठीवर झोपी जाणाऱ्यांमध्ये धोका अडीच पटींहून जास्त निघाला. सगळ्या जणी कुशीवर झोपल्या तर अशा दर शंभर मृत्यूंपैकी साधारण सहा टळू शकतील, असा त्यांचा हिशेब आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेनं २०२१ पासून हा सल्ला गरोदर तपासणीतच घातला.

अडीच पट हा आकडा ऐकून छातीत धस्स होऊ देऊ नका. मूळ धोकाच लहान आहे. पाठीवर झोपणाऱ्या बहुतेक बायकांची बाळं सुखरूप जन्मतात. आपल्या आज्या-पणज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि तरी घरं भरली. पण बिनपैशाचा, बिनगोळीचा उपाय हाताशी असेल तर तो का करू नये?

आता डावी-उजवीचं. शीर उजव्या अंगाला असल्यानं डावीकडं वळलं की तिच्यावरचा भार सर्वांत कमी होतो, म्हणून डॉक्टर डावी कूस सांगतात आणि ते बरोबरच आहे. छातीत जळजळ होत असेल तरी डावी कूस बरी. पण त्याच २०१९ च्या हिशेबात उजव्या कुशीवर झोपणाऱ्यांना डाव्या कुशीपेक्षा जास्त धोका दिसला नाही. त्यामुळं डावीनं सुरुवात करा, अंग दुखलं की उजवीकडं वळा, पुन्हा डावीकडं या.

आणि पाठीवर जाग आली तर? वळा आणि झोपा. झोपेत कोणी पहारा देऊ शकत नाही. ज्या अंगावर झोप लागते त्याच अंगावर रात्रीचा बराचसा वेळ जातो, म्हणून सुरुवात महत्त्वाची. सुनेला रात्री चार वेळा हलवून "कुशीवर हो" सांगणाऱ्या सासूबाईंनी स्वतःही झोपावं.

उशी विकत घेऊ नका, गोधडी काढा

इंटरनेटवर गरोदर बायकांसाठी लांबलचक वाकड्या उशा मिळतात, हजाराच्या पुढं किंमत. ऐपत असेल तर घ्या, छान असतात. पण गावठाणातल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती उशी झोपेल की माणसं? घरातली जुनी गोधडी तेच काम करते.

एका गोधडीची घट्ट वळकटी करून पाठीमागं लावा, म्हणजे झोपेत पाठीवर लोळलात तरी पूर्ण उताणं होणार नाही, अर्धवट कलत्याच राहाल. तेवढ्यानंही बराच फरक पडतो. दुसरी घडी किंवा साधी उशी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. ती फक्त मांड्यांत न ठेवता घोट्यापर्यंत येऊ द्या, म्हणजे वरचा पाय लटकत नाही आणि कंबर पिळवटत नाही. जुन्या साडीची पातळ घडी पोटाखाली सरकवली की पोट खाली ओढल्यासारखं वाटत नाही. खालचा हात अंगाखाली दाबून ठेवू नका, पुढं काढा, नाहीतर मुंग्या येतात.

जमिनीवर झोपायला काही हरकत नाही. पण नुसत्या चटईवर कुशीला झोपलं की खुबा आणि खांदा टोचतो, मग माणूस आपोआप पाठीवर जातो. तेव्हा खाली दोन गोधड्या अंथरा. खाट असेल तर तिचा झोळ बघा. सुंभ सैल झालेल्या खाटेत कुशीवर टिकताच येत नाही. उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नका. आधी कुशीवर, मग हाताच्या टेक्यानं बसतं, मग उभं. बसून दोन श्वास घेतले की चक्करही येत नाही. लहान मूल शेजारी झोपत असेल तर त्याला पाठीच्या बाजूला किंवा वडिलांकडं टाका, पोटावर लाथा बसायला नकोत आणि आईला वळायला जागाही राहील.

रात्रीच्या झोपेची अर्धी गोष्ट संध्याकाळीच ठरते. घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून दहा-साडेदहाला सून जेवते आणि लगेच आडवी होते. मग जळजळ, आंबट पाणी, ढेकर. तिला आधी वाढा. जेवण आणि झोप यांत निदान दोन तास जाऊ द्या. तरी जळजळ होत असेल तर डोक्याकडची बाजू जरा उंच करून कुशीवर झोपा. पोटरीत वांब आला तर पायाची बोटं स्वतःकडं ओढून धरा. कॅल्शियम आणि लोहाच्या सरकारी गोळ्या चुकवू नका, पण दोन्ही एकाच वेळी घेऊ नका. कॅल्शियममुळं लोह अंगी कमी लागतं. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणू नये.

आपल्याकडं खाडी, भातखाचरं आणि जिकडं तिकडं चाललेली बांधकामं, त्यामुळं डासांना तोटा नाही. गरोदरपणात मलेरिया आईला आणि बाळाला दोघांनाही महागात पडतो. बंद खोलीत कॉइल जाळून धुरात झोपण्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

उरणहून बेलापूर-नेरूळकडं लोकलनं कामाला येणाऱ्या ताईंचाही एक प्रश्न असतो : गाडीत बसल्या बसल्या डुलकी लागली तर? चालते. ताठ बसल्यावर पोटाचा भार पुढं-खाली जातो, त्या शिरेवर उताण्यासारखा पडत नाही. पाय मात्र फार वेळ लोंबकळते ठेवू नका, सूज वाढते.

नाळ आणि ग्रहण

"कूस बदलताना आधी उठून बस आणि मग दुसरीकडं वळ, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याला गुंडाळते," हे पुष्कळ जणी ऐकत आल्यात. तसं नसतं. नाळ गुंडाळते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालीनं, पाण्यात ते कोलांट्या मारतं त्यानं. आईच्या वळण्याशी तिचा संबंध नाही. जन्मताना कितीतरी बाळांच्या गळ्याभोवती नाळेचा एखादा वेढा असतो आणि बहुतेक वेळा तो सहज सोडवला जातो. बसून वळणं तुम्हाला सोपं वाटत असेल तर तसं वळा, पण भीतीनं नको. नाहीतर त्या भीतीपोटी बाई वळायचंच टाळते आणि तिथंच पाठीवर पडून राहते.

ग्रहणाचं तर त्याहून अवघड. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, आणि काही घरांत गरोदर बाईला ग्रहण सुटेपर्यंत सरळ ताठ झोपवून ठेवतात. हातपायही मुडपायचे नाहीत. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण सुमारे साडेतीन तास चाललं आणि वेध दुपारपासूनच. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईनं एवढा वेळ उताणं पडून राहायचं, तेही पाण्याच्या घोटाशिवाय? ग्रहण ही सावली आहे, तिनं बाळाला काही होत नाही. उताणं पडून राहण्यानं आणि पाणी न पिण्यानं मात्र होऊ शकतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला लागू नये म्हणून घरात थांबायचं असेल तर थांबा, देवाचं नाव घ्या. पण कुशीवर झोपा, पाणी प्या, भूक लागली तर खा.

रात्री केव्हा थांबायचं नाही

कुशीवर झोपणं हा तपासणीला पर्याय नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर पडून पोटाकडं लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर दवाखान्यात जा. हालचाल अजिबातच लागत नसेल तर दोन तासही थांबू नका. "शेवटच्या महिन्यात बाळ कमी हलतं" असं शेजारीण म्हणेल, तिचं ऐकू नका; हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती थांबत नाही.

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर-हातावर अचानक सूज, ताप, झटके, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. आधी घोरत नव्हती आणि आता मोठ्यानं घोरते, झोपेत श्वास अडकतो, असं घरच्यांना दिसलं तर पुढच्या तपासणीत सांगा आणि रक्तदाब मोजून घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. झोपेचे प्रश्न तिथं विचारायला लाजू नका. रात्री-अपरात्री नेण्यासाठी १०२ आणि १०८ या दोन्ही क्रमांकांवर रुग्णवाहिका मोफत मिळते. घरापर्यंत गाडी येत नसेल, पाडा आत असेल, तर कुठल्या रस्त्यापर्यंत येते ते आजच आशाताईंना विचारून ठेवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालून दाराजवळ टांगा.