काठीबरोबर आवाजही हवा



शेळ्या वळताना, रात्री मोटार चालू करायला शेतात जाताना आपल्या हातात काठी असतेच. आज या काठीच्या जपानी बहिणीची ओळख करून घेऊ. तिचं नाव केंडो.

‘केन’ म्हणजे तलवार, ‘दो’ म्हणजे मार्ग. जपानचे सामुराई योद्धे तलवारीचा सराव करत. त्यात जबर दुखापती होत. म्हणून सुमारे तीनशे वर्षांपूर्वी सरावाला बांबूची तलवार आणि अंगावर संरक्षक चिलखत आलं. या तलवारीला शिनाई म्हणतात. बांबूच्या चार कामट्या चामड्याने बांधून ती करतात, त्यामुळे फटका बसताना ती थोडी लवते. डोकं, मनगट, धड आणि गळा एवढ्याच जागी वार करायचा. खेळाआधी आणि नंतर समोरच्याला वाकून नमस्कार करायचा.

यातला एक नियम आपल्या फार कामाचा आहे. नुसता फटका लागला म्हणून गुण मिळत नाही. काठी, पाऊल आणि पोटातून काढलेला आवाज, तिन्ही एकाच वेळी लागतात. फटक्यानंतरही सावध राहावं लागतं. जिंकल्याच्या आनंदात नाचलं, तर मिळालेला गुणही जाऊ शकतो.

आता आपल्या मुलींचं बघा. ‘हळू बोल’, ‘मोठ्यानं हसू नको’ असंच आपण त्यांना शिकवतो. मग शाळेच्या वाटेवर कुणी अडवलं, तर घशातून आवाज निघणार कसा? आवाजाचीही सवय लागते.

केंडोसाठी जपानला जायला नको. लाठीकाठी आपलीच आहे. पुण्याच्या शांताबाई पवार २०२० च्या टाळेबंदीत, वयाच्या ८५ व्या वर्षी, रस्त्यावर दोन्ही हातांनी काठ्या फिरवत होत्या. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला. पुढे त्यांनी मुलींना शिकवायलाही सुरुवात केली. २०२४ मध्ये आपल्या राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले, की हा विषय घ्या. लाठी येणारी जाणती व्यक्ती गावात किंवा शेजारच्या गावात शोधा. हलक्या काठीने, मोकळ्या मैदानात, अंतर ठेवून सुरुवात करा. काठी मिळेपर्यंत आवाजाचा सराव करा. संकटात ११२ नंबर लावायचा, हेही मुलींकडून पाठ करून घ्या.

आणि पहिली आरोळी आपण आयांनीच द्यायची बरं का!