टायमिंग बेल्ट : स्वतः बदलावा की कारागिराकडे सोपवावा?

चातुर्मासात मुनिसंघाच्या दर्शनासाठी, सुट्टीत कुंथलगिरी किंवा मांगीतुंगीच्या यात्रेसाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने निघतात. निघण्यापूर्वी टायरमधील हवा, इंजिन ऑइल, ब्रेक यांची पाहणी होते. मात्र इंजिनाच्या एका बाजूला, आवरणाआड दडलेल्या दातेरी रबरी पट्ट्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. हाच टायमिंग बेल्ट. तो झिजताना बहुधा आवाज करीत नाही, धूर सोडीत नाही. एके दिवशी तो तुटतो आणि चालती गाडी जागच्या जागी बंद पडते.

या पट्ट्याचे काम समजून घेतले, तर त्याचे महत्त्व लक्षात येते. इंजिनातील दट्टे, म्हणजे पिस्टन, क्रँकशाफ्टला फिरवतात. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा कॅमशाफ्ट उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हावा लागतो, आणि हा मेळ टायमिंग बेल्ट राखतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते आणि मिटते. पूर्वी हे काम दंतचक्रे किंवा साखळी करीत असे. 1962 मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या 1004 या मोटारीत दातेरी पट्टा वापरला आणि पुढे अनेक उत्पादकांनी ती वाट धरली. पट्टा हलका आणि कमी आवाजाचा असतो. परंतु तो रबराचा असल्याने त्याचे आयुष्य मर्यादित असते.

प्रत्येक गाडीत हा पट्टा नसतो. मारुतीच्या के-मालिकेतील इंजिनांत साखळी आहे. उलट जुनी मारुती 800, 1.1 लिटरची सँट्रो आणि रेनॉ डस्टरचे 1.5 लिटरचे डिझेल इंजिन पट्ट्यावर चालते. यांपैकी डस्टरचे उदाहरण घेऊ. ही गाडी 2012 मध्ये भारतात आली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले, तेव्हा कंपनीने येथील डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक डिझेल डस्टर पाच वर्षांहून जुनी आहे. पट्टा बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांनी ठरते. जी आधी भरेल ती पाळायची. गाडी दारात उभी असली तरी रबर जुने होतच असते. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल आणि पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

डिझेल इंजिनात झडप आणि पिस्टन यांच्यात फारच थोडी जागा असते. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वेगात वर येऊन उघड्या झडपांवर आदळतात. झडपा वाकतात आणि इंजिनाचे डोके उतरवण्याची वेळ येते. हा प्रकार खंबाटकी किंवा कसारा घाटात घडला, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यानंतर ब्रेकही कठीण होतो. गाडीत वृद्ध आईवडील आणि लहान मुले बसलेली असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे काम घरी केल्यास काय वाचते? पट्टा, टेन्शनर, आयडलर पुली, वॉटर पंप आणि कूलंट यांची किंमत दोन्हीकडे द्यावीच लागते. वाचते ती फक्त मजुरी. तिच्या बदल्यात हवा असतो टॉर्क पाना, भक्कम जॅक, इंजिनाला आधार देण्याची सोय आणि क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट जागेवर रोखणाऱ्या पिना. डस्टरमध्ये पट्ट्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा उजव्या बाजूचा माउंट सोडवावा लागतो. तेवढा वेळ इंजिन खालून तोलून धरावे लागते. एकदाच वापरायच्या हत्यारांचा खर्च मजुरीच्या जवळ जातो, हे अनेकांच्या हिशेबात येत नाही.

तरीही ज्यांना यंत्राचे ज्ञान आहे, ज्यांच्याकडे त्या इंजिनाची दुरुस्तीपुस्तिका, योग्य हत्यारे आणि पुरेसा वेळ आहे, त्यांनी हे काम अवश्य करावे. स्वावलंबन हा गुणच आहे. मात्र एक कसोटी लावावी. नवा पट्टा बसवून टेन्शनरचा ताण पुस्तिकेप्रमाणे दिल्यावर क्रँकशाफ्ट पान्याने, हाताने, पूर्ण दोन फेरे फिरवायचा असतो. त्यानंतर खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मध्येच अडथळा जाणवला, तर जोर न लावता थांबायचे. खुणा जुळल्याची खात्री होईपर्यंत चावी फिरवायची नाही. ही तपासणी स्वतः निःशंकपणे करता येत असेल, तरच काम हाती घ्यावे. ‘एका दाताने काय फरक पडतो?’ असा विचार मनात येत असेल, तर गाडी गॅरेजमध्ये न्यावी.

कारागिराला पैसे दिले म्हणजे आपली जबाबदारी संपते, असेही नाही. काम सोपवण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. या इंजिनाच्या पिना तुमच्याकडे आहेत का? फक्त पट्टा बदलणार, की टेन्शनर आणि वॉटर पंपही? डस्टरच्या या इंजिनात वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. जुना पंप पुढे गळू लागला, तर सारे काम पुन्हा करावे लागेल. जवळच्या सीलमधून तेल पाझरत असेल, तर तेही याच वेळी दुरुस्त करावे, कारण तेलाने पट्ट्याचे रबर लवकर बिघडते. काढलेले जुने भाग पाहायला मागावेत आणि पावतीवर तारीख व किलोमीटर लिहून घ्यावेत. कुशल कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

घरी काम करणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. वॉटर पंप बदलताना कूलंट काढावे लागते. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि प्राण्यांसाठी विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट कुत्र्या-मांजरांनी चाटले, तर त्यांचा जीव जाऊ शकतो. म्हणून ते रुंद भांड्यात धरावे, झाकणाच्या डब्यात भरावे आणि अशा द्रवांची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. गटारात किंवा मातीत ओतू नये. गॅरेजमध्येही ते कुठे टाकले जाते, हे विचारण्यास संकोच करू नये.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत प्रमादचर्येची गणना केली आहे. विनाकारण, निष्काळजीपणे होणारी हानी हा तिचा विषय. वाहन वापरणाऱ्या श्रावकाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. बेफिकिरी मात्र टाळता येते. मुदत उलटलेला पट्टा घेऊन कुटुंबाला घाटात नेणे, अर्धवट माहितीवर इंजिन उघडणे, कूलंट उघड्यावर ओतणे, ही तिन्ही एकाच प्रमादाची रूपे होत. या तिन्हींपासून दूर राहणाऱ्याने पाना स्वतः धरला काय किंवा कारागिराच्या हाती दिला काय, दोन्ही निर्णय योग्यच आहेत. पुढच्या यात्रेची तारीख ठरवण्याआधी गाडीची माहितीपुस्तिका आणि जुन्या पावत्या काढून पट्ट्याची मुदत तेवढी पाहून घ्यावी.