जुन्या लॅपटॉपची नवी स्मृती



यंत्र मंदावले की त्याला म्हातारपण आले, असे आपण म्हणतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हे निदान पुष्कळदा चुकते. त्याचा गणित करणारा भाग धडधाकट असतो. थकलेली असते ती हार्ड डिस्क, म्हणजे त्याची साठवण.

हार्ड डिस्क जगापुढे आली ती १९५६च्या सप्टेंबरात. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर तेव्हा पन्नास लाख अक्षरे मावत. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर आणि जबलपूर ही शहरे वेगवेगळ्या राज्यांत गेली आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. आज तेथील सिविल लाइंसमध्ये वकिली करणारे एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणा. आजोबांचे दावे लोखंडी कपाटात आहेत, तर नातीचे लॅपटॉपमध्ये. कपाट कुरकुरते, पण उघडते. लॅपटॉपची डिस्क बंद पडली, तर पक्षकारांचे कागद गेलेच म्हणायचे.

लॅपटॉपमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा नव्वदावा भाग लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल; परंतु यंत्र सुरू होताना हजारो ठिकाणचे तुकडे वाचावे लागतात आणि दर वेळी थांबावे लागते. नव्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते. सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून मजकूर राखलेला असतो, आणि तो जवळजवळ तत्क्षणी हाती येतो. म्हणून एवढा एक भाग बदलला, तरी जुने यंत्र तरतरीत होते.

बदलण्यापूर्वी आपल्या यंत्रात काय बसते, ते पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा जोडणीची डिस्क असते. तिची जाडीही मोजावी. पुढच्या यंत्रांत पातळ पट्टी बसते, तर काहींत साठवण मुख्य फळ्यालाच जखडलेली असते आणि ती बदलता येत नाही.

मात्र स्क्रू काढण्याआधी सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती उघडून तपासावी. डिस्क कटकट वाजत असेल, तर आधी मोलाचे कागद वाचवावेत. नव्या ड्राइव्हवरही विसंबू नये. तो पुष्कळदा पूर्वसूचनेविना बंद पडतो, आणि वर्षानुवर्षे विजेविना ठेवल्यास त्यातील भार ओसरू शकतो.

उरलेली जुनी डिस्क तशीच भंगारात देऊ नये. फाइल पुसली म्हणजे केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते. पाने जागेवरच राहतात. ती संपूर्ण पुसावी किंवा तिच्या तबकड्या मोडाव्यात. कारण यंत्र आपले असले, तरी त्यातील गुपिते पुष्कळदा दुसऱ्यांची असतात.