सातबारा आणि कोयता

महाराष्ट्राचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर मंत्रालयात खेटे घालण्यापेक्षा एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला जाऊन बसावे, असे मला नेहमी वाटते. मांडवात पुढच्या खुर्च्यांवर कोण बसते, माईक कोणाच्या हाती जातो, कोणाच्या प्रश्नाला उत्तर मिळते आणि कोणाचा प्रश्न ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळीत बुडून जातो, हे नीट पाहिले की दीडशे वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो. त्या मांडवात कोणाला जागाच नाही, हेही पाहावे. खरी गोष्ट तिथे सुरू होते.

पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा सारा राग होता तो कर्जरोख्यांच्या कागदांवर. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, ठिकठिकाणी रोखे जाळले गेले. इतिहासात याची नोंद ‘दख्खनचे दंगे’ अशी झाली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कर्जापायी जमीन हातची जाते, ही धास्ती मात्र या मुलखाच्या मनात घर करून राहिली.

पुढे कालवे आले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि कालव्याच्या पाण्यावर खासगी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. ऊस शेतकऱ्याचा, पण नफा कंपनीचा, हे गणित विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या माळावर उलटे केले. शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला. सुप्याच्या बाजारातल्या जाळपोळीला मिळालेले ते शहाणे उत्तर होते. या कामाचे मोठेपण कमी लेखणारा माणूस मला करंटा वाटतो.

पण या सहकाराच्या दारावर एक अट होती. सभासद व्हायचे तर नावावर जमीन हवी आणि जमिनीत ऊस हवा. म्हणजे सातबारा हवा. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा ‘कृषक दिन’ यांनी अनेक कुळांना जमिनीचे मालक केले. जो कुळही नव्हता, नुसता राबत होता, त्याच्या हाती काहीच आले नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच माणसासाठी. एक सभासद, एक मत हे तत्त्व सुंदरच. पण मुळात सभासद कोण, हे जुन्या इतिहासाने आधीच ठरवून टाकले होते.

मग कारखान्याभोवती सत्तेची एक शिडीच उभी राहिली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. संचालक, अध्यक्ष, जिल्हा बँक, विधानसभा अशा पायऱ्या ठरून गेल्या. सांगलीचा कारखाना उभारणारे वसंतदादा पाटील १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९८३ मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि साखरसम्राटांबरोबर शिक्षणसम्राट हा शब्दही रूढ झाला. संस्कृतीही यापासून अलिप्त राहिली नाही. १९७० च्या दशकात ‘सामना’ चित्रपटातल्या हिंदुराव धोंडे पाटलांच्या रूपात निळू फुल्यांनी कारखानदाराचा जो मुखवटा उभा केला, तो आजही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तशीच अकलूजची लावणी स्पर्धाही गाजली. तमाशाच्या फडातल्या कलेला साखरपट्ट्याने नवे व्यासपीठ दिले.

आमचे घर सभासदाचे. दिवाळीआधी सवलतीच्या साखरेचे पोते यायचे, तेव्हा आजोबा ते ओसरीवर सगळ्यांना दिसेल असे ठेवायचे. त्या पोत्यात मान होता. त्याच सुमारास गावाबाहेर पाचटाच्या कोप्या पडायच्या. ‘बीडकडची माणसं आली,’ एवढेच आम्ही म्हणायचो. त्यांची नावे आम्ही कधी विचारली नाहीत.

त्यांची मोजणीही नावाने होत नाही. ती कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यात उचल देतो आणि हंगामभर मोळ्या बांधून ती फेडायची असते. फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. एका दिवसाचा खाडा झाला, तरी पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. ज्या कर्जाचा कागद आमच्या पणजोबांच्या पिढीने जाळला, तेच कर्ज ‘उचल’ हे नवे नाव घेऊन दुसऱ्याच्या मानगुटीवर बसले आहे.

या माणसांना राजकारणात आवाज मिळालाच नाही, असे नाही. गोपीनाथ मुंडे यांचे नेतृत्व ऊसतोडणी कामगारांच्या बळावरच मोठे झाले. १९९५ मध्ये ते उपमुख्यमंत्री झाले. पुढे त्यांनीही परळीजवळ कारखाना उभारला. सत्तेची शिडी आपल्याकडे एकच आहे, हेच त्यातून दिसले. मतदानाचा हक्क सर्वांना आहे. पण विधानसभेच्या निवडणुका पुष्कळदा गळीत हंगामाच्या तोंडावर येतात. २०२४ चे मतदान २० नोव्हेंबरला झाले. बिऱ्हाड गाडीवर लादून निघालेल्या जोडप्याला ते गाठणे सोपे नव्हते.

इकडे सभासदांच्या घरातही वाटण्या झाल्या. आजोबांचे पंधरा एकर नातवांत दीड-दीड एकरांवर आले. कारखान्याचा अध्यक्ष आणि हा दीड एकरवाला, दोघे एकाच जातीचे आणि एकाच पंगतीला बसणारे. तरी २०१६ च्या मराठा मोर्चांत जो मूकपणे चालला, तो मुख्यतः दीड एकरवाला होता. कित्येक सहकारी कारखाने तर विकले जाऊन किंवा भाड्याने दिले जाऊन खासगी झाले. जात एक असली की वर्गही एक होतो, हा समज साखरपट्ट्यानेच खोटा ठरवला आहे.

सहकार मोडीत काढावा, असे मी म्हणत नाही. उलट, तो अर्धाच झाला आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्याच्या नावावर ऊस आहे तो मालक, हे तत्त्व १९५० मध्ये क्रांतिकारक होते. आता ऊस तोडणाऱ्या हातांचाही त्या कारखान्यात भाग असावा, असे म्हणण्याची वेळ आली आहे. पुढच्या वार्षिक सभेत कोणी तरी उठून हा ठराव मांडावा आणि त्यावर ‘मंजूर’ म्हणणाऱ्यांत आमच्या घराचा आवाज पहिला असावा, एवढीच इच्छा.