गोलातला आकडा आणि जालावरचा पत्ता

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव कोणी नुसत्या ‘कवठे’ या नावाने विचारू लागला, तर त्याला सांगलीकडचे कवठे महांकाळ आणि कवठे एकंद, शिरोळकडचे कवठे गुलंद, वाईजवळचे नुसतेच कवठे, अशा कितीतरी वाटा दाखविता येतील; म्हणूनच पूर्वजांनी ग्रामदेवतेचे नाव गावाला जोडून दिले आणि एका शब्दात सारा संदेह मिटविला. तालुक्याच्या गावाचीही तीच कथा आहे. बीडमध्ये शिरूर कासार, लातुरात शिरूर अनंतपाळ, म्हणून हे शिरूर घोडनदीचे. जेथे देवता वा नदी हाताशी नव्हती तेथे फारसीतले बुद्रुक आणि खुर्द कामी आले. एका नावाने एकच वस्तू ओळखली जावी, ही निकड संगणकाहून फार जुनी आहे.

या निकडीचे सर्वांत रेखीव रूप मला सातबाऱ्यात दिसते. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु खातेदाराच्या नावाशेजारी गोलात लिहिलेल्या लहानशा आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो फेरफाराचा क्रमांक होय. तो घेऊन गाव नमुना सहा उघडला की वारसाने, खरेदीने की वाटपाने ही जमीन या नावावर आली ते कळते, आणि तेथून खरेदीखतापर्यंतची वाट सापडते. खाते क्रमांक धरून आठ-अ पाहिला, तर त्याच माणसाची गावातील इतर जमीन दिसते. कागदाने कागदाकडे बोट दाखवावे आणि वाचणाऱ्याने त्या बोटाच्या रोखाने चालत जावे, ही युक्ती तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलेली आहे.

१९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जालाचा जो प्रस्ताव मांडला, त्याचे मर्म मला याहून वेगळे वाटत नाही. फरक एवढाच की त्यांचा गोल साऱ्या पृथ्वीला पुरणारा होता. जालावरच्या पत्त्याची घडण पाहावी. आरंभी दळणवळणाची रीत, मग यजमान-संगणकाचे नाव, मग त्याच्या दप्तरातील नेमक्या कागदाचा मार्ग. यजमानाचे नाव आपण टपालाच्या पाकिटावर लिहितो तसे लहानाकडून मोठ्याकडे जाते, आधी घर, मग गाव, शेवटी देश. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचलेली ही नामव्यवस्था आहे. त्यापुढील मार्ग मात्र बहुधा महसुली शिरस्त्याने मोठ्याकडून लहानाकडे उतरतो, जिल्हा, तालुका, गाव, गट. एकाच ओळीत टपालखाते आणि महसूलखाते असे पाठीला पाठ लावून बसलेले पाहून मला फार आनंद होतो.

पुढे २००६ मध्ये बर्नर्स-ली यांनी चार साध्या नियमांत असे सुचविले की पत्ता केवळ पानाला नव्हे, तर माणसाला, गावाला, नदीलाही द्यावा. तो असा असावा की उघडता यावा. उघडल्यावर उपयुक्त माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतरांचे पत्ते असावेत. मग ‘मोमीन यांचे गाव कवठे येमाई’ हे विधान तीन पत्त्यांचे होते, एक लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकरांचा, एक ‘गाव’ या संबंधाचा, एक कवठ्याचा. आणि ज्या वगलेखकाने गावाचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले, त्याच्या बाबतीत यंत्राला तोच संबंध निःसंदिग्धपणे वाचता येतो. असे पत्ते देणाऱ्या, २०१२ पासून चालू असलेल्या विकिडेटा या माहितीसाठ्यात पुण्याला ‘क्यू १५३८’ म्हणतात. हा आकडा निरर्थक आहे आणि तेच त्याचे बळ आहे. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नावात पत्ता गुंतलेला असता तर सारे दुवे नव्याने जोडावे लागले असते.

आमच्या लिपीला या पत्त्यात बराच काळ थेट प्रवेश नव्हता, आणि याचे मला अद्याप दुःख आहे. ‘कवठे’तला एकटा ‘क’ यंत्राच्या पत्त्यात टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-नऊ-पाच असा नऊ चिन्हांचा होतो; ‘कवठे येमाई’ची अक्षरे व मात्रा मिळून नऊ, म्हणजे मधली मोकळी जागा सोडूनही एक्क्याऐंशी चिन्हे. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम खुले झाले, तेव्हा निदान दारावरची पाटी आपल्या अक्षरांत लावता आली.

पत्ता देणे सोपे. तो राखणे कठीण. याच पुणे जिल्ह्यातील इंदापुरात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या मोजणीचा पाया घातला, तिने शेतांना सर्व्हे नंबर दिले. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव त्यांचे गट झाले, आणि आजोबांच्या खरेदीखतातील नंबर नातवाच्या सातबाऱ्यावर सापडेना. मात्र त्या वेळच्या कारकुनांनी जुना नंबर आणि नवा गट शेजारी शेजारी मांडून तक्ते करून ठेवले, म्हणून ती वाट आजही चालता येते. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये पत्ते बदलू नका म्हणून कळकळीने लिहिले, आणि बदललेच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पोचविण्याची सोय जालावरही आहे. तरीही मी टिपून ठेवलेला एका गावनकाशाचा पत्ता एका कार्यालयाने संकेतस्थळ नवे केले त्या दिवशी मेला. उघडला की ‘४०४’ एवढाच आकडा येई. नकाशा तेथेच कोठेतरी असणार; तक्ता करणारा कारकून तेवढा नव्हता.

२०२१ पासून केंद्र शासन जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला, त्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश धरून, चौदा चिन्हांची ओळख देऊ लागले आहे. तिला भू-आधार म्हणतात. कवठ्याच्या एखाद्या गटाचे उद्या पोटहिस्से पडतील, तेव्हा जुन्या ओळखीवरून नव्या ओळखींकडे जाणारा गोलातला आकडा कोणीतरी लिहिलेला असला पाहिजे.